टोचन

आपल्याकडे गाडी रस्त्यात बंद पडली की जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "टोचन करून न्या." बहुधा ‘टो-चेन’चंच गॅरेजमध्ये टोचन झालं असावं. टोचन म्हटलं की पुढे एखादा टेम्पो, मध्ये कळकट दोरखंड आणि मागच्या गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला, चेहरा उतरलेला मालक असं चित्र डोळ्यांपुढे येतं. म्हणजे टोचन हे नेहमी आजारी गाडीचं.

अमेरिकेत मात्र धडधाकट गाडी टोचन करून नेतात, आणि मागच्या गाडीत कुणी बसलेलंही नसतं! पुढे एसटीएवढं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि त्याच्या मागे शेपटासारखी एक छोटी मोटार. चारही चाकं जमिनीवर, आपोआप वळणारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मागचा ड्रायव्हर झोपलाय की काय. या मागच्या गाडीला तिथले लोक ‘डिंगी’ म्हणतात, गलबताच्या मागे बांधलेल्या होडीसारखी म्हणून. नाहीतर ‘टोड’ म्हणतात, म्हणजे बेडूक. ओढलेल्या गाडीला ‘टोड’ आणि बेडकालाही ‘टोड’, स्पेलिंगं वेगळी पण उच्चार एक. श्लेष अलंकाराचं उदाहरण म्हणून मी हे वर्गात नक्की वापरलं असतं.

गाडी मागे न्यायची कशाला? तर मोटारहोम एकदा मुक्कामी लावलं, पाण्याचा पाइप, विजेची तार, सांडपाण्याची नळी जोडली, की ते हलवणं जिवावर येतं. मग दूध आणायला, डॉक्टरकडे जायला, आसपास हिंडायला काय करणार? घर घेऊन तर भाजीला जाता येत नाही. म्हणून छोटी गाडी.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय २०१८ पासून असेच राहतात. नोकरी संपली, मुलं आपापल्या गावी गेली, तेव्हा राहतं घर विकून त्यांनी एकतीस फुटी मोटारहोम घेतलं. हिवाळा ॲरिझोनात, उन्हाळा उत्तरेकडे. मी ऐकलं तेव्हा फोनवरच म्हटलं होतं, "अरे, लोक म्हातारपणी घर बांधतात, तू विकतोस?" तो हसला होता. २०२३ च्या शेवटी त्याची अँजिओप्लास्टी झाली, आणि पुढच्या वसंतात मी त्याला भेटायला गेले. दोन महिने त्यांच्याबरोबर त्या चाकांवरच्या घरात काढले. हा सगळा टोचनपुराणाचा अभ्यास तेव्हाचा.

अभ्यास म्हणते कारण खरंच तो करावा लागला. मी जन्मभर मराठी शिकवलं, यंत्रांशी माझा संबंध शिवणयंत्रापुरता. पण भाऊ इंजिनिअर, आणि आजारपणामुळे त्याला वाकायला, वजन उचलायला मनाई. मग तो खुर्ची टाकून बसायचा आणि बोलायचा, भावजय करायची, आणि मी बघायची. बघता बघता समजत गेलं.

सगळ्यात पहिली गोष्ट अवजाराची नाहीच, गाडीची आहे. वाटेल ती गाडी अशी ओढता येत नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली तर चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर आतले भाग फिरतात, पण तेल फिरत नाही. कोरडेच घासत राहतात, तापतात, आणि काही मैलांत हजारो डॉलरचा गिअरबॉक्स जळतो. साध्या गिअरच्या कित्येक गाड्या न्यूट्रलला टाकून चालतात. जीप रँगलरला एक वेगळी पेटी असते, ती न्यूट्रलला टाकली की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो, म्हणून मोटारहोमच्या मागे जीपा फार दिसतात. भावाकडे होंडा सीआर-व्ही आहे, २०१४ ची. मुद्दाम २०१४ चीच शोधून जुनी घेतली. कारण २०१५ पासून त्याच गाडीला वेगळ्या जातीचा, सीव्हीटी नावाचा गिअरबॉक्स आला आणि ती चारी चाकांवर ओढायची सोय संपली. दोन गाड्या शेजारी ठेवल्या तर बहिणी-बहिणी वाटाव्यात, पण एक मागे येईल आणि दुसरी जळेल. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये, त्या वर्षाचं गाडीचं पुस्तक उघडून पाहावं, असं भावाचं म्हणणं. मला ते फार पटलं. मूळ ग्रंथ पाहावा, गाइडावर विसंबू नये, हे मी तरी दुसरं काय सांगत आले!

आता अवजारं. गाडीच्या पुढच्या बंपरच्या आत, सांगाड्याला एक लोखंडी पट्टी बोल्टांनी कसतात. तिला बेसप्लेट म्हणतात. ती प्रत्येक मॉडेलची वेगळी, आणि बसवायला बंपर उतरवावा लागतो. बाहेर फक्त दोन कान दिसतात. मोटारहोमच्या मागे चौकोनी तोंडाचा हिच असतो, त्यात टो-बार बसतो. हा टो-बार म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे दोन हात. ते दुर्बिणीसारखे लांब-आखूड होतात, त्यामुळे गाडी अगदी नेमकी रेषेत आणून लावायची गरज नसते. हात ओढून त्या दोन कानांत अडकवायचे, खिळी घालायची, खिळीला क्लिप लावायची. मग मोटारहोम हळू पुढे घेतलं की दोन्ही हात ताणून ‘खट्’ आवाज करत पक्के होतात. ‘खट्’ दोनदा ऐकू आलं पाहिजे. एकदाच आलं तर एक हात मोकळा आहे.

टो-बार शक्यतो जमिनीला समांतर हवा, तीन इंचांहून जास्त चढ-उतार नको. नाहीतर जोरात ब्रेक लागला की मागची गाडी वर चढू पाहते किंवा खाली शिरू पाहते. मोटारहोमचा हिच उंच असेल तर मध्ये वाकडा जोडतुकडा घालतात.

टो-बारखेरीज दोन जाड तारेच्या दोऱ्या लावायच्या, एकमेकींना फुली मारून. बार निसटलाच तर त्याचं टोक त्या फुलीच्या झोळीत पडावं, रस्त्यात रुतू नये, म्हणून फुली. शिवाय विजेची केबल, म्हणजे मोटारहोमचा ब्रेक लागला किंवा वळणाचा दिवा लागला की मागच्या गाडीचेही लागतात. त्या तारांत डायोड नावाचे तुकडे घालतात, नाहीतर एका गाडीची वीज दुसरीत उलटी शिरून घोटाळा करते.

वजनाचा हिशेब भावानं मला वहीत करून दाखवला. त्याच्या मोटारहोमचं भरलेलं कमाल वजन १४,५०० पौंड, म्हणजे साडेसहा टन. मागच्या गाडीचं साधारण ३,५०० पौंड. दोन्ही मिळून १८,०००. त्या फोर्डच्या सांगाड्याला एकूण २२,००० पौंड ओढायची परवानगी. टो-बार १०,००० पौंडांचा, पण हिच ५,००० चा. मग किती ओढता येईल? ५,०००. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी ठरवते. भाऊ म्हणाला, "ताई, लोक १०,००० चा बार घेतात आणि छाती फुगवतात. हिच कुणी बघत नाही."

पण याच वहीत पुढचं पान होतं, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या पानावर आहे. इंजिन २२,००० पौंड ओढेल, पण ब्रेक? मोटारहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या १४,५०० पौंडांच्या मानानं केलेले. मागचं दीड टनाहून जास्त वजन त्या हिशेबात नाहीच. चढावर इंजिनाची परीक्षा, उतारावर ब्रेकची. म्हणून मागच्या गाडीचे स्वतःचे ब्रेक लागावेत अशी वेगळी सोय करावी लागते. काही लोक ती कायमची बसवून घेतात. भावाकडे आहे ते पेटीसारखं यंत्र. ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचं, मागून सीटला टेकवायचं, त्याचा हात ब्रेकच्या पेडलला चिमट्यानं धरवायचा. पुढची गाडी मंदावली की त्या यंत्राला ते कळतं आणि तेवढ्या प्रमाणात ते पेडल दाबतं. एखादा अदृश्य ड्रायव्हर बसवल्यासारखं! आणि एक शेवटची दोरी. सगळंच तुटून मागची गाडी सुटली, तर या बारीक दोरीच्या टोकाची पिन उपसली जाते आणि यंत्र पूर्ण ब्रेक लावतं. ही दोरी टो-बारला बांधायची नाही, मोटारहोमच्या अंगालाच बांधायची. कारण बारच निसटला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागची हलणार नाही.

या ब्रेकसाठी कायदा राज्यागणिक वेगळा. कुठे किती वजनापुढे सक्ती, त्याचे आकडे निरनिराळे. त्यामुळे काही मंडळी ‘आमच्या राज्यात लागत नाही’ म्हणून पैसे वाचवतात. मला हे कळत नाही. राज्याची हद्द ओलांडली म्हणून उतार काही बदलत नाही.

आम्ही फिनिक्सकडून ग्रँड कॅन्यनला गेलो तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलं. फिनिक्स हजार-अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांच्या आसपास. जाताना इंजिन धापा टाकत होतं. येताना उतार. पाटीवर सहा टक्के लिहिलेलं. म्हणजे सतरा फूट पुढे गेलं की एक फूट खाली. आपल्या बोरघाटात आणि थळघाटात रेल्वेचा चढ सदतिसास एक आहे, तरी तिथे गाडीला जादा इंजिनं लावतात आणि उतारावर सुटलेल्या गाडीसाठी वर चढणाऱ्या आडरुळांची सोय केलेली आहे. रूळ आणि रस्ता यांची तुलना नीट नाही हे मला कळतं, पण घाटात वाढलेल्या माणसाला हे आठवणारच. तिथेही ट्रकांसाठी अशा खडीच्या वाटा पाहिल्या, ब्रेक गेला तर शिरायला. मोटारहोम खालच्या गिअरमध्ये घातलेलं, इंजिन रडत होतं, आणि मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती रिकामी गाडी आमच्यामागे शहाण्यासारखी येत होती. ब्रेक लागला की तिच्या आतल्या यंत्राचा छोटा दिवा आमच्या पुढ्यातही लागायचा. प्रत्येक वेळी मी तो पाहून घेत होते.

चालवत होती भावजय.

इथे जरा मागे जायला हवं. अँजिओप्लास्टीनंतर मुलांचा आग्रह होता, मोटारहोम विका आणि आमच्याजवळ फ्लॅट घ्या. त्यांचंही चूक नाही. बाप सत्तरी ओलांडलेला, स्टिअरिंगवर असताना काही झालं तर? भाऊ ऐकायला तयार नव्हता. भावजय मात्र सहा वर्षं शेजारच्या सीटवर बसून आलेली. नकाशा तिचा, चहा तिचा, गाडी त्याची. तिनं एक दिवस शांतपणे सांगितलं, "मला एकटीला हे सगळं जोडता-सोडता आलं आणि चालवता आलं, तर ठेवू. नाही आलं, तर विकू." सदुसष्टाव्या वर्षी! तिथे या आकाराच्या मोटारहोमला बहुतेक राज्यांत वेगळं लायसन्स लागत नाही, साधं चालतं, त्यामुळे कागदाची अडचण नव्हती. एका मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती तीन आठवडे रोज सकाळी शिकली.

भावाला हे जड गेलं. तो तोंडानं काही म्हणायचा नाही, पण ती खिळी घालायला वाकली की हा खुर्चीतून अर्धा उठायचा. "डावीकडची आधी." "क्लिप उलटी आहे." मग मी त्याला म्हणायची, "बस रे खाली. चुकली तर तिचं तिला कळू दे." वर्गात सगळ्यात कठीण काम हेच असतं, विद्यार्थी फळ्यापुढे अडखळत असताना शिक्षकानं खडू न उचलणं.

तिची खरी परीक्षा जातानाच झाली. एका लहान गावात डिझे… नव्हे, पेट्रोलला ती आत शिरली (हे मोटारहोम पेट्रोलवर चालतं) आणि कळलं की पलीकडून बाहेर पडायची वाट खोदकामानं बंद आहे. आता इथे चारी चाकांवर ओढण्यातली मोठी मेख आहे. गाडी मागे घेता येत नाही. ट्रेलर मागे घेता येतो, पण ही गाडी नाही. चार-दोन फुटांत पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि बार वाकतो. म्हणजे भर पंपावर सगळं सोडायचं, मोटारहोम मागे घ्यायचं, गाडी वेगळी काढायची आणि पुढे जाऊन पुन्हा जोडायचं. त्यातून आम्ही वळणावर थांबलेलो, म्हणजे बारच्या हातांवर तिरका ताण, खिळ्या निघेनात. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या. भाऊ खाली उतरला आणि माझ्या छातीत धस्स झालं. तो हातोडी घेऊन वाकणार हे दिसत होतं. भावजय आली, त्याच्या हातातून हातोडी घेतली आणि म्हणाली, "तुम्ही मागच्या लोकांना सांगा, दहा मिनिटं लागतील म्हणून." त्याला काम दिलं, आणि वाकायचंही वाचवलं. मला म्हणाली, "वन्सं, खिळ्या मोजून हातात धरा, एकही खाली ठेवू नका." सोडायला बारा मिनिटं लागली. मागचा एक ट्रकवाला खाली उतरून मोटारहोम मागे घेताना हातवारे करत होता, ती त्याच्याकडे न बघता आरशातच बघत होती.

त्या रात्री कॅन्यनच्या मुक्कामात तिनं मला सांगितलं, तिला क्रम लिहून हवा होता. अवजारांबरोबर आलेला इंग्रजी कागद होता, पण घाईत इंग्रजी वाचताना डोकं गोंधळतं म्हणाली. पंचेचाळीस वर्षं अमेरिकेत काढलेली बाई! मग आम्ही दोघींनी मराठीत यादी केली. आणि शब्दांपाशी अडलो. ‘टो-बार’ला काय म्हणायचं? दांडी. ‘बेसप्लेट’? कान. खिळ्यांना ती चटकन म्हणाली ‘शिवळा’. तिचं माहेर वाळव्याकडचं, शेतीवाडीचं. जुवाला बैलाच्या मानेपाशी असतात त्या शिवळा. मला तर कुणी बक्षीस दिल्यासारखं झालं. बारीक दोरीला ‘तुटदोरी’ हा शब्द माझा. भाऊ म्हणाला, शेवटी तुम्ही बैलगाडीच केलीत याची. म्हटलं, मग आणि काय आहे ती?

यादीतला लांब भाग गिअरबॉक्सचा. सगळं जोडल्यावर गाडी सुरू करायची, गिअर सगळ्या खुणांतून फिरवायचा, ‘डी’वर पाच सेकंद, मग ‘एन’, तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं. किल्ली पहिल्या खुणेवर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं आणि वळणावर टायर फरफटतात. हँडब्रेक सोडायचा. ब्रेकचं पेडल तीन-चारदा दाबून आतला जोर काढून टाकायचा, आणि मग ते यंत्र बसवायचं. ताशी ६५ मैलांवर जायचं नाही. दिवसात आठ तासांपेक्षा जास्त प्रवास असेल तर गिअरबॉक्सचा हा सोपस्कार पुन्हा. शिवाय यंत्र आणि उघडी किल्ली मिळून गाडीची बॅटरी संपवतात, म्हणून मोटारहोमकडून बॅटरी भरणारी एक तार, तीही तपासायची. टायरमधली हवा दाखवणारे सेन्सर चालू आहेत ना पाहायचं, कारण मागचा टायर बसला तर पुढे मोटारहोममध्ये काही जाणवत नाही.

मी ती मोठ्या अक्षरांत सुवाच्य लिहिली. फळ्यावर लिहायची तशी. एकूण एकोणीस कलमं. तिनं ती प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. एक नियम भावानं घातला, आणि तो मला फार आवडला. जोडताना कुणी हाक मारली, गप्पा मारायला आलं, फोन वाजला, तर पुन्हा पहिल्या कलमापासून सुरुवात. अशा मुक्कामांवर शेजारी गप्पिष्ट असतात. बहुतेक विसराविसर त्या ‘हॅलो’मध्येच होते, असं तो म्हणतो.

मुलांचं म्हणणं अजून तेच आहे. भाचा मला फोनवर म्हणाला, "आत्या, तू तरी त्यांना सांग ना." मी त्याला सांगितलं, तुझ्या आईला विचार, निर्णय तिचा आहे. त्याला हे उत्तर आवडलं नाही, कळलं मला. मलाही काळजी वाटते. उद्या तिचे गुडघे बोलायला लागतील तेव्हा काय, हा प्रश्न आहेच, आणि तो तिनं स्वतःच माझ्यापाशी काढला होता. त्यावर तिचं उत्तर असं की दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ती एकटी सगळं जोडून बघणार. भावानं खुर्चीत बसून घड्याळ लावायचं, बोलायचं नाही. वीस मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा दोन खिळ्यांतली एकही बसवायला मदत मागावी लागली, की मोटारहोम विक्रीला.

या हंगामात अठरा मिनिटं लागली. फोनवर तिनंच सांगितलं. मागून भाऊ ओरडत होता, "साडेअठरा!"